घरात कॉफीचा दाणा नाही, आणि रिपोर्ट म्हणतो ‘कॉफी : भरपूर’

सोलकढी५७

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतीच वाचत होते, आज लिहायची वेळ आली.

संक्रांतीनंतर आमच्या ह्यांना साठ पूर्ण झाली. मुलगा बंगळुरूला असतो. त्याने बापाला साठीची भेट म्हणून कसलीशी तपासणी ऑनलाइन बुक करून दिली. साखर-कोलेस्टेरॉलची नेहमीची नव्हे, ‘मेटाबोलोमिक्स’ म्हणे, म्हणजे रक्त-लघवीतले शेकडो बारीक पदार्थ एकदम मोजायचे. सोमवारी सकाळी आठला एक मुलगा घरी आला. जांभळ्या झाकणाच्या दोन नळ्या भरून रक्त घेतलं, डबीत लघवी घेतली, सगळं बर्फाच्या खोक्यात ठेवून गेला. बारा दिवसांनी बत्तीस पानांचा रंगीत रिपोर्ट आला. हिरवे, पिवळे, लाल गोल. पैसे किती पडले ते मुलगा सांगत नाही, त्यावरून काय ते समजा.

आता गंमत ऐका. एक लाल गोल आहे तो टीएमएओ नावाच्या कशाचा तरी. पुढे लिहिलंय, ‘हृदयविकाराशी संबंध, लाल मांस कमी करा’. आमच्याकडे मटण वर्षातून चारदा शिजतं, तेही पाहुणे आले तर. मग ट्रायगोनेलिन नावाचा पदार्थ खूप जास्त, त्याच्यापुढे कपाचं चित्र आणि ‘कॉफीचे सेवन : भरपूर’. बावीस वर्षांत माझ्या घरात कॉफी आलेली नाही. आणि हिप्पुरेट नावाचा मोठा हिरवा गोल, ‘फळे व भाज्यांचा आहार उत्तम, असेच चालू ठेवा’. हा माणूस फळाला हात लावत नाही. केळं पुढे केलं तर “मी काय आजारी आहे?” म्हणून विचारतो.

मी म्हटलं, रिपोर्ट बदलला असणार, दुसऱ्या कुणाचा तरी आलाय. मुलगा म्हणतो, आई, मशीन खोटं बोलत नाही, बाबा बाहेर कॉफी पीत असतील. हे म्हणतात, मी पीत नाही. त्यावरून घरात रोज वाद. वर त्या लाल गोलामुळे मुलाने फोनवरून मासेही बंद केलेत. आठ दिवस झाले. वेंगुर्ल्याच्या माणसाला आठ दिवस मासळी नाही म्हणजे घरात सुतक असल्यासारखं वाटतं.

माझा डोंबिवलीत पोळीभाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे, रोज पस्तीस डबे जातात. ह्यांच्या पोटात काय जातं ते माझ्यापेक्षा मशीनला जास्त कळतं का, एवढंच मला विचारायचं आहे. आणि लघवीवरून माणसाने काय खाल्लं ते खरंच कळतं का?


टपरीवरचा

काकू, पैसे पाण्यात. रिपोर्टची पानं डब्याखाली घाला, तेल शोषून घेतील.


सेंट्रीफ्यूज

टपरीवरचा, थांबा जरा. काकू, रिपोर्ट बदललेला नसावा असं मला वाटतं, पण सांगण्याआधी काही विचारते. रक्त सोमवारी दिलं ना? मग शनिवारी आणि रविवारी घरात काय काय शिजलं होतं? काका दिवसाला चहा किती घेतात? आणि मेथी खातात का, भाजी किंवा लाडू, कसंही?

मी मूळची साताऱ्याची. नेदरलँड्समधल्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं याच कामात आहे. लोकांचं रक्त आणि लघवी यंत्रात घालायची आणि त्यांनी काय खाल्लं ते शोधायचं.


सोलकढी५७

अगं बाई, साताऱ्याची मुलगी आणि मेथीचं विचारतेस! थांब, वही बघते. डब्याचा धंदा म्हटल्यावर रोजची नोंद असतेच, काय केलं, किती सामान लागलं, काय उरलं.

शनिवार : डब्याला मेथीची भाजी, लसूण आणि मूगडाळ घालून. बावीस जुड्या. उरली ती रात्री ह्यांनी भाकरीशी खाल्ली, चांगली दोन वाट्या. रविवार डबा बंद. मासळीबाजारात मोरी चांगली मिळाली, ती दुपारी सुकी केली. रात्री उरलेली मोरी आणि दोन बांगडे तळलेले, भात, सोलकढी. साडेआठला जेवण झालं, मग सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही नाही.

मेथीचे लाडू तर थंडीभर चालूच असतात. मेथीचं पीठ तुपात आठ दिवस भिजवून, मग डिंक, खारीक. ह्यांना रोज सकाळी एक.

चहा मी चार वेळा देते. बाहेरचे माझ्या वहीत नाहीत.


सेंट्रीफ्यूज

काकू, तुमची वही मला द्या. खरंच सांगते, इथे अशा नोंदीसाठी लोक वर्षं घालवतात आणि तरी मिळत नाही. त्याकडे मी येतेच. आधी कॉफी.

ट्रायगोनेलिन हे नावच मेथीवरून आलंय. मेथीचं शास्त्रीय नाव ट्रायगोनेला. १८८५ साली जर्मनीत हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला तो मेथीच्या दाण्यांतून. पुढे कळलं की कॉफीच्या कच्च्या बियांतही तो भरपूर असतो, वजनाच्या साधारण एक टक्का. आता युरोपातला माणूस मेथी खात नाही आणि कॉफी दिवसातून चारदा पितो. त्यामुळे इकडच्या लोकांच्या लघवीत ट्रायगोनेलिन दिसलं की ते बहुधा कॉफीचंच असतं. इकडच्या अभ्यासांत ते ‘कॉफीची खूण’ म्हणून नोंदलं गेलं, आणि तुमचा रिपोर्ट बनवणाऱ्यांनी ती खूण तशीच उचलली असावी. बावीस जुड्यांचा त्यात विचारच नाही!

वर चहा. कॅफीन चहातलं की कॉफीतलं हे यकृताला कळत नाही, ते दोन्हीचं मोडून पॅराझॅन्थिन करतं. रिपोर्टमध्ये ते नाव असेल बघा, आणि तेही वरच असेल. म्हणजे संगणकाला एकीकडे ट्रायगोनेलिन दिसलं, दुसरीकडे कॅफीनचा चुरा दिसला. त्याने कॉफी म्हटलं. काकांची बाजू मी घेते, त्यांनी कॉफी प्यायली असं यावरून म्हणता येत नाही. नक्की पकडायची असेल तर बिया भाजताना तयार होणारे पदार्थ शोधावे लागतात, ते मेथीच्या भाजीत आणि चहात सहसा नसतात.

सगळं काम असंच आहे. पंगत उठल्यावर पत्रावळीवरचं खरकटं बघून आचाऱ्याने काय केलं होतं ते ओळखायचं. श्रीखंडाचा ओघळ दिसला तर श्रीखंड होतं. पण मीठ सांडलेलं दिसलं तर काय सांगणार? शिवाय इथे खरकटंही जसंच्या तसं उरत नाही. आतड्यातले जिवाणू त्याचं काहीतरी करतात, मग यकृत करतं, मग मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं. आमच्यापर्यंत येतं ते तिसऱ्या-चौथ्या हातचं.

हिप्पुरेट त्यातलंच. १८२९ मध्ये लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने ते घोड्याच्या मूत्रात ओळखलं, नावातला ‘हिप्पो’ म्हणजे ग्रीकमधला घोडा. घोडा गवत खातो, गवतातल्या पदार्थांचं जिवाणू बेन्झोइक आम्ल करतात, यकृत त्याला ग्लायसीन नावाचं अमिनो आम्ल जोडून देतं, झालं हिप्पुरेट. माणसात फळं-भाज्यांनी ते वाढतं हे खरं, पण चहानेही चांगलं वाढतं. चार कपांवर हिरवा गोल मिळाला असेल तर मला नवल नाही. आणखी एक वाट आहे. बाटलीतली सरबतं, शीतपेयं, विकतची लोणची यांत सोडियम बेन्झोएट घालतात, लेबलवर आयएनएस २११ असं असतं. तेही शरीरात जाऊन हिप्पुरेटच होतं. म्हणजे कोल्ड्रिंक पिऊनही ‘फळांचा आहार उत्तम’ असं प्रशस्तिपत्र मिळू शकतं.

आता लाल गोल, कारण खरी काळजी तिथे आहे.

अंड्यातलं कोलीन, लाल मांसातलं कार्निटीन हे आतड्यातल्या जिवाणूंना मिळालं की ते ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. खराब माशाला जो वास येतो तो याचाच. यकृत त्याला ऑक्सिजन चिकटवून टीएमएओ करतं. २०११ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवलं की रक्तात हे जास्त असणाऱ्यांना हृदयविकार जास्त दिसतो. २०१३ मध्ये त्यांनीच दाखवलं की वर्षानुवर्षं मांस न खाणाऱ्याला कार्निटीन दिलं तरी त्याच्या रक्तात टीएमएओ फारसं वाढत नाही, कारण ते काम करणारे जिवाणूच त्याच्या पोटात पुरेसे नसतात. तेव्हापासून टीएमएओ प्रसिद्ध झालं आणि असल्या रिपोर्टांत जाऊन बसलं.

पण समुद्रातल्या माशाच्या मांसात टीएमएओ तयारच असतं. जिवाणूंची गरजच नाही. खाऱ्या पाण्यात पेशीतलं पाणी टिकवायला मासा ते वापरतो. आणि काकू, सगळ्या दर्यातून तुम्ही नेमकी मोरी निवडलीत! मोरी म्हणजे शार्क. शार्क अंगात युरिया साठवून ठेवतो आणि त्या युरियाने प्रथिनं बिघडू नयेत म्हणून टीएमएओही भरपूर ठेवतो. मोरी नीट धुतली नाही तर जो उग्र वास येतो तो या दोन्हीच्या मोडतोडीचा. अमेरिकेत ४० तरुणांना वेगवेगळ्या दिवशी मासे, अंडी आणि गोमांस देऊन पाहिलं होतं, २०१७ साली छापून आलं. माशाच्या जेवणानंतर टीएमएओ बाकीच्या दोन्हींच्या कितीतरी पट चढलं, तेही पाव तासात चढायला लागलं. मूत्रपिंडं ठीक असतील तर साधारण दिवसभरात ते बाहेर पडतं. काकांनी दुपारी मोरी, रात्री मोरी, वर बांगडे खाल्ले आणि साडेअकरा तासांनी रक्त दिलं. त्या गोलात मला रविवारचं ताट दिसतं.

आणि मासे खाणाऱ्या लोकांत हृदयविकार जास्त असतो असं काही दिसत नाही. टीएमएओच्या गोष्टीतली ही गाठ अजून सुटलेली नाही, आमच्यात यावरून कडाकडा भांडणं होतात. तेव्हा ‘लाल मांस कमी करा’ हे वाक्य काकांना लागू नाही, आणि फक्त या गोलावरून मासे तोडावेत असं मला तरी म्हणवत नाही. एकच पाहा, मूत्रपिंड मंद असेल तरी टीएमएओ साचतं. क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कधी केलं होतं?


दवाखान्यातून

मी जनरल प्रॅक्टिस करतो. वरच्या शेवटच्या ओळीला माझा दुजोरा. साठीच्या माणसाचं क्रिएटिनीन, साखर, रक्तदाब आणि लिपिड एकदा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करून घ्या. सगळं मिळून त्या रिपोर्टपेक्षा कितीतरी स्वस्तात होईल. बत्तीस पानं घेऊन माझ्याकडेही लोक येतात. मी पहिल्यांदा विचारतो, आदल्या रात्री काय जेवलात, आणि बहुतेकांना आठवत नाही.


संत्राबर्फी

सेंट्रीफ्यूज, मग एकही खूण विश्वासाची नाही का? आमच्या नागपूरकडे संत्र्याच्या दिवसांत घरटी पेटी रिकामी होते. ते कळतं का लघवीत?


सेंट्रीफ्यूज

कळतं, आणि छान कळतं! प्रोलीन बिटेन नावाचा पदार्थ लिंबूवर्गातल्या फळांत भरपूर असतो, शरीर त्याला फारसं मोडत नाही, बहुतेक सगळा एका दिवसात लघवीवाटे निघून जातो. ब्रिटनमधल्या लोकांच्या नोंदींशी ताडून पाहिलं तेव्हा तो चांगला जुळला. पण काल खाल्लं तर कळेल, गेल्या महिन्यातली पेटी नाही कळणार. गव्हाच्या कोंड्याचीही अशी एक खूण आहे, अल्काइलरिसॉर्सिनॉल. मैद्यात ती नाही, कणकेत आहे. गहू आणि राय यांच्यासाठी ती बांधली, कारण इकडे तेच खातात. आमच्या घरी सातारला ज्वारीची भाकरी. आजोबांचं रक्त तपासलं असतं तर रिपोर्ट म्हणाला असता, ‘हा माणूस कोंड्याचं धान्य खातच नाही’.

काकूंच्या वहीचं बोलायचं राहिलं. माणूस काय खातो हे त्यालाच विचारलं तर तो चुकीचं सांगतो. लबाडीने नाही, आठवतच नाही. मी स्वतः आमच्याच एका चाचणीत भाग घेतला होता. तीन दिवस खाल्लेलं सगळं लिहायचं आणि शेवटच्या दिवशी चोवीस तासांची लघवी जमवायची. तीन लिटरचा कॅन पिशवीत घालून मी ट्रॅमने ऑफिसला गेलेय. सकाळची पहिली वेळ सोडायची, तिथून पुढची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या वेळेसकट. एकही वेळ चुकवली का ते ओळखायला एक निरुपद्रवी गोळी दिवसातून तीनदा देतात, ती लघवीत जवळजवळ पुरी परत आली पाहिजे. मी कॅनमध्ये प्रामाणिक होते. नोंदीत मात्र आईने पाठवलेला फराळाचा डबा लिहायचा पूर्ण विसरले. दिवाळीचे दिवस होते, येता-जाता चकली तोंडात टाकत होते, ते ‘जेवण’ वाटलंच नाही.

म्हणून हे शास्त्र लागतं. इंटरमॅप नावाच्या मोठ्या अभ्यासात जपान, चीन, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या ४,६८० माणसांनी प्रत्येकी दोनदा चोवीस तासांची लघवी दिली. २००८ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी त्यातल्या खुणांचा रक्तदाबाशी संबंध लावला. त्याच कॉलेजात पुढे १९ माणसांना चार वेळा तीन-तीन दिवस केंद्रात राहायला ठेवलं, दर वेळी वेगळा आहार, ताटातला घास न् घास तोललेला. लघवीवरून कोण चांगला आहार घेतंय ते ओळखता आलं. एकोणीसच माणसं, पण त्यांनी काय खाल्लं याबद्दल शंका नाही. माझ्या मते हजार माणसांच्या अंदाजी नोंदींपेक्षा हे बरं.

उलट तुमच्या रिपोर्टमध्ये एक माणूस, एक सकाळ. आमच्या यंत्रातून एका नमुन्याचे आलेखावर हजारो टोकदार डोंगर निघतात. एकाच पदार्थाचे चार-चार डोंगर असतात, नाव लागतं ते थोड्यांना. दर दहा नमुन्यांनंतर आम्ही सगळ्या नमुन्यांचं मिश्रण परत घालून बघतो, यंत्र सकाळी आणि संध्याकाळी एकच बोलतंय ना म्हणून. बत्तीस रंगीत पानांत यातलं काहीच दिसत नाही, म्हणून माझी चिडचिड होते. यंत्रावर राग नाही.


तुळशीबागेजवळ

मी पुण्याची, शाकाहारी. याच जातीच्या चाचणीने माझं भलं झालं, ते लिहिते. दोन वर्षं हातापायाला मुंग्या यायच्या. बी१२ ‘काठावर’ आलं होतं, म्हणून कुणी मनावर घेत नव्हतं. मग एका डॉक्टरीणबाईंनी मिथाइलमॅलोनिक आम्ल तपासायला लावलं. ते बरंच वाढलेलं निघालं. बी१२ नसलं की शरीरातलं एक काम अडतं आणि हे आम्ल साचतं, त्यामुळे जीवनसत्त्व खरंच पुरतंय का ते त्यातून कळतं, असं त्यांनी समजावलं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या.

तेव्हा वाचलं की पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दोन तृतीयांश बायकांत बी१२ कमी होतं, आणि हे आम्ल मात्र ९० टक्क्यांत वाढलेलं होतं. ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट (तेही एक ब जीवनसत्त्वच) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सगळ्यात जास्त. आमच्या घरात तीन पिढ्या ‘दूध पितो ना, मग काय’ म्हणत आल्या.


सेंट्रीफ्यूज

अगदी! प्रश्न एक, पदार्थ एक, आणि तो पदार्थ का साचतो ते माहीत. तीनशे नावांच्या रिपोर्टपेक्षा मी केव्हाही हे घेईन.

जाता जाता काकूंसाठी मेथीचंच. मेथीचे लाडू खाल्ले की घामाला एक गोडसर वास येतो ना? तो सोटोलोन नावाच्या पदार्थाचा. बाळंतिणीच्या खोलीत तोच असतो. परदेशात बाळाच्या लघवीला तसा वास आला म्हणून एका गंभीर जन्मजात आजाराची शंका घेऊन डॉक्टरांनी धावपळ केल्याच्या नोंदी आहेत, त्या आजारातही हाच वास येतो. शेवटी निघालं काय, तर आईने मेथीचा काढा घेतला होता. तिथे एखादी आजी असती तर तिने दारातूनच ओळखलं असतं.


सोलकढी५७

सगळ्यांचे आभार. थोडं उशिरा लिहितेय, डब्याची गडबड होती.

क्रिएटिनीन केलं, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बघितलं, ठीक आहे म्हणाले. मासे खा म्हणाले, तळलेले कमी. मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, मग पुढच्या वेळी आठ दिवस मेथी-मासे सोडून परत करूया. मी म्हटलं, पुढच्या वेळी भेट म्हणून मला मिक्सर घे.

ट्रायगोनेलिनचं नाव मेथीवरून, हे ह्यांना सांगितल्यापासून हे चार वेळा मला म्हणाले, “सांगत होतो ना, कॉफी पीत नाही.” मोठ्या तोऱ्यात होते. मग मी ते आयएनएस २११ काढलं. बाटलीतलं काही पिता का म्हणून विचारलं. छे, म्हणाले. सेंट्रीफ्यूज, तू म्हणालीस की चहानेही तो गोल हिरवा होतो, तेव्हा रिपोर्टवरून मी काही बोलू शकत नव्हते. पण काल भाजीला जाताना ह्यांच्या स्कूटरची डिकी उघडली. पिशवी ठेवायला जागा नाही. जिरा सोड्याच्या अकरा रिकाम्या बाटल्या. लेबल वाचलं. २११ आहे.

वहीत आता शेवटी एक वेगळा रकाना आखलाय. आज बुधवार, सुरमई सांगून ठेवलीय.